इतर

वहीला चार रकाने आहेत:
भाडं, मीटर, किराणा, इतर.
मीच आखले, स्टीलच्या पट्टीने,
हल शहरातल्या आमच्या पहिल्या रविवारी,
खोक्यावर खोकं ठेवून त्यालाच टेबल म्हणत होतो तेव्हा.

भाड्याशी वाद नाही.
एक तारखेला ते पगाराच्याही आधी दारात उभं असतं.

मीटर मात्र घरातलाच.
जिन्याखाली बसून डोळे मिचकावतो.
कोपऱ्यावरच्या दुकानातून त्याची किल्ली भरून आणायची,
दहा पौंड, कधी पाच,
आणि आकडा शून्याखाली गेला
की त्याच्याकडूनच उसनी घ्यायची वीज,
साखरेची वाटी घेतात तशी.
परत करायची काठोकाठ.

किराण्यात माझा हात बसलाय.
संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी
सुपरमार्केटात ग्लेन पिवळ्या चिठ्ठ्यांचं यंत्र घेऊन येतो.
आम्ही सात-आठ जण
दह्याच्या डब्यांवरची बारीक अक्षरं वाचत उभे,
जणू कुणी कशाचीच वाट पाहत नाहीय.
काल पाव एकोणीस पेन्स. पालक पंधरा.
मॉरीनबाईंनी शेवटची पिशवी माझ्याकडे सरकवली,
म्हणाल्या, तुझ्याकडे लहान आहे.
घरी लसणाची फोडणी बसली
आणि आपली तारीख उलटून गेलीय
हे पालक विसरला.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, खरंय.
इथे अंथरूण एक, पाय सहा.
जानेवारीत सोफ्यावर पसरायचा प्रश्नच नाही,
कुणाचे पाय कुणाच्या पोटाशी
एवढंच ठरवायचं.
ओवीचे सर्वात गार.
तिचे बूट धर्मादाय दुकानातले, एक नंबर मोठे,
पुढे कापूस कोंबलेला.
दर महिन्याला चिमटीभर कापूस काढतो.
तिची उंची आम्ही अशी मोजतो.

राहता राहिला इतर.
दर गुरुवारी, शर्वरीच्या तिरक्या अक्षरात:
इतर, चार पौंड.
नोव्हेंबरभर विचारलं नाही.
बेरीज तेवढी केली. सोळा.
सोळा पौंडांत मीटर आठवडाभर गप्प बसतो.
मग एका पहाटे वेअरहाउसमधून आल्या आल्या
विचारलंच,
हिशेबनिसाच्या त्या आवाजात,
जो माझा मलाच आवडत नाही.

ती म्हणाली, बस.
विदर्नसीपर्यंत जायचे दोन, यायचे दोन.
ओवीला तिकीट नाही.
वरचा मजला, अगदी पुढची सीट,
पायाशी गरम हवा येते.
बस ओवी चालवते.
वळणावर तोंडाने ब्रेक मारते.
गव्हाची कोवळी रानं लागतात, मग काही नाही,
मग एकदम समुद्र.
उतरून बघत बसतो, डब्यातली गूळपोळी खातो,
नाकं लाल झाली की पुढच्या बसने परत.
तेवढे तीन तास घरचा हीटर बंद.

म्हणजे बचतच की, मी म्हणालो,
आणि बूटही न काढता पेन्सिल घेऊन बसलो.
तीन तासांचा गॅस: एक पौंड दहा.
दोन पौंड नव्वद तोटा.
शर्वरीने आकडा पाहिला
आणि भांडी विसळायला गेली.
पाणी गार, नळ बारीक सोडलेला.

मी बराच वेळ पट्टी धरून होतो.
मग समासात मावेल एवढा
पाचवा रकाना आखला, जरा वाकडाच.
वर लिहिलं, समुद्र.
किराण्यातले चार पौंड तिकडे नेले.

या गुरुवारी माझी सुट्टी, म्हणजे आठ.
पिवळे वाटाणे भिजत घातलेत,
दोन दिवस तेच पुरवायचे.
ओवीने आत्ताच बजावलंय:
बाबा, तू मागे बसायचं.
आणि आधी तिकीट दाखव.